शून्याच्या खालचे आकडे

भावोजींच्या कंपनीत माणसं तीन आणि खोल्याही तीन, एकीतून दुसरीत उघडणाऱ्या. मधल्या खोलीतून बाहेर पडायचं तर पुढच्या खोलीत भावोजींना खुर्ची सरकवावी लागे. मागच्या खोलीत ताई बसे. कंपनीचा हिशेब, चहा आणि नवऱ्याचं कौतुक ही तिन्ही खाती तिच्याकडे. मधली खोली ताईच्या बहिणीची. तिला घरी धाकटी म्हणत, म्हणून ऑफिसातही धाकटीच. तिच्या खोलीला खिडकी होती. उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागे.

धाकटी राहायलाही ताईकडेच होती. तिचं शिक्षण भावोजींनी केलं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवत नाही, एवढं मात्र ते अधूनमधून बोलून दाखवत.

काम होतं शहराबाहेरच्या लांब बोगद्याचं. गाड्या किती, वेग किती, वारा कसा, हे संगणकातल्या मॉडेलला द्यायचं. पाव तासाने आत धूर किती साचेल ते त्याने शून्य ते शंभरात सांगायचं. म्हणजे पंखे आधीच सुरू करता येतील. सुरुवातीला मॉडेल फार चेकाळलं होतं. मध्येच धूर नऊ हजार सांगे, मध्येच उणे चारशे, आणि शेवटी आकडाच देईनासं होई. भावोजी मागे उभे राहून रोज विचारत, ‘‘झालं का शहाणं?’’

तेव्हा धाकटीने एक ओळ घातली. या कामात तिला क्लॅम्प म्हणतात. मॉडेलमधून आकड्यांचा जो भलामोठा तक्ता बाहेर पडतो, ज्याला टेन्सर म्हणायचं, त्यावर सरसकट कात्री चालवायची. शून्याच्या खालचं सगळं शून्य, शंभराच्या वरचं सगळं शंभर. मॉडेल लगेच वळणावर आलं. भावोजींनी पाठ थोपटली, ताईने आईला फोन करून कळवलं.

आज बोगद्याच्या इंजिनिअर बाई मॉडेल ताब्यात घ्यायला यायच्या होत्या. धाकटी सकाळी शेवटची नजर टाकत होती आणि तिला एक शून्य दिसलं. अर्धा नाही, पाव नाही, स्वच्छ शून्य. गाड्यांनी भरलेल्या बोगद्यात एवढी शुद्ध हवा? तिने सगळी शून्यं एका जागी काढली. एकूणएक कोंडीच्या वेळची होती.

घोटाळा कुठे झाला ते तिला ताबडतोब कळलं. मॉडेल शिकतं ते बोलणी खाऊन: उत्तर चुकलं की चुकीची ओढ आतपर्यंत जाते आणि ते थोडं सरकतं. कात्री लावायची ती उत्तर दाखवताना. तिने शिकवतानाच लावली होती. कापलेल्या आकड्यापर्यंत ओढ पोचतच नाही. आत उणे चारशे असो की उणे तीनशे, बाहेर शून्यच. मग सरकायचं कशाला? रोजच्या दिवसांवरून मॉडेलने ताडलं होतं की वेग उतरला की धूर उतरतो. म्हणून गाड्या पार थांबल्या की त्याच्या लेखी धूर शून्याच्याही खाली जाई आणि तिथेच अडकून राही, कोणी कितीही ओरडलं तरी. कोंडी क्वचितच होत असल्याने एकूण हिशेबात चूक नगण्य दिसत होती.

‘‘भावोजी, जरा येता?’’

‘‘मेव्हणीबाई, आज हे तोंड नको. बाई निघाल्यात.’’

तिने सगळं सांगितलं. भावोजींनी ऐकून घेतलं.

‘‘म्हणजे कधीतरीच होतं ना असं?’’

‘‘कोंडी झाली की होतं. पंखे कोंडीसाठीच आहेत, भावोजी.’’

‘‘मग काढ ती ओळ.’’

‘‘ओळ आत्ता काढते. पण पहिल्यापासून शिकवावं लागेल. आज नाही व्हायचं.’’

भावोजी गप्प झाले. ते गप्प झाले की काहीतरी सुचत असे आणि तेच वाईट असे. ‘‘शून्य नजरेत भरतं, एवढीच अडचण ना? खालची हद्द पाच कर. पाच कसं खरं वाटतं.’’

‘‘अहो, पण...’’

‘‘कर गं,’’ मागच्या खोलीतून ताई म्हणाली. ‘‘यांच्या पोटात आठवडाभर अन्न नाही.’’ भावोजींनी सकाळी दोनदा वाढून घेतलं होतं, पण ते ताईच्या खात्यात धरलं जात नसे.

पुढे भावोजींची खुर्ची, मागे ताई, बाजूला भिंत. धाकटीने पाच टाकलं.

बाई आल्या. उभ्याउभ्याच मधल्या खोलीच्या दारात येऊन पडदा निरखू लागल्या. ‘‘छान. हे सुरू झालं की जुने धूरमापक उतरवणार आहोत. धूर झाल्यावर पंखे लावतात मेले, काय उपयोग?’’

धाकटीने ताईकडे पाहिलं. ताई कपात चमचा ढवळत होती.

‘‘बाई, वेग शून्य टाकून बघा ना.’’

‘‘अगं, त्यांना वेळ कुठे आहे!’’ भावोजी हसत म्हणाले.

‘‘आहे की,’’ म्हणत बाईंनी शून्य टाकलं. पडद्यावर पाच. मग त्यांनी वेग साठ टाकला. अडतीस. ‘‘गाड्या थांबल्या की हवा सुधारते होय? आणि हे पाच कुठून आलं?’’

चमचा थांबला.

‘‘मी घातलं,’’ धाकटी म्हणाली. ‘‘आधी शून्य होतं. त्याच्या खाली जे होतं ते मीच कापलं.’’ पाच भावोजींच्या नावावरचं होतं. तिने तेही आपल्याच नावावर मांडलं.

बाईंनी पर्स खांद्याला लावली. ‘‘धूरमापक तूर्त राहू देते. नीट झालं की फोन करा. नाही झालं तरी करा.’’

भावोजींनी त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली आणि पुन्हा जागेवर आणली.

संध्याकाळी तिघं एकाच गाडीतून निघाली. जाणार कुठे वेगवेगळी? धाकटी मागे. भाचीसाठी मागच्या दारांना कळ लावलेली, आतून उघडत नसत. बाई गेल्यापासून भावोजी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. घराच्या वाटेवर तोच बोगदा. मध्यावर येताच पुढचे सगळे लाल दिवे लागले आणि तसेच राहिले.

हळूहळू आत वास भरू लागला. ताईने नाकाला रुमाल लावला. ‘‘काच वर घ्या ना.’’

‘‘वरच आहे.’’

भावोजी वाकून छताकडे बघत होते. वर मोठाले पंखे, सगळे ढिम्म. ‘‘लागत का नाहीत?’’ त्यांनी कोणालाही उद्देशून नसल्यासारखं विचारलं.

‘‘धूर झाला की लागतील,’’ धाकटी म्हणाली.

‘‘झालाय की!’’

‘‘धूरमापकांच्या हिशेबाने अजून नाही.’’

ताईला खोकल्याची उबळ आली. धाकटीचा हात सवयीने दाराच्या कडीवर गेला, कडी नुसतीच हलली. शेवटी वर काहीतरी कण्हलं आणि एकामागून एक पंखे घरघरत फिरू लागले.

भावोजींनी आरशातून मागे पाहिलं. ‘‘आत्ता आपलं मॉडेल लागलेलं असतं, तर किती दाखवलं असतं?’’

‘‘पाच.’’

भावोजींनी आरसा उगाच थोडा वळवला. पुढची गाडी हलली नव्हती.