कानातली ताई

छोटूने बँड सोडला, म्हणजे देवानेच त्याला सोडायला सांगितला. पहिला बँड सोडला तेव्हाही देवानेच सांगितलं होतं, दुसऱ्याच्या वेळीही देवानेच. छोटूचा देव मोठा सोयीचा. गिटारवाल्याशी वाजलं, की दुसऱ्या दिवशी चहाच्या आत त्याचा निरोप हजर.

"ताई, प्रभू म्हणतोय, आता एकट्याने उभा राहा," तिसऱ्या खेपेला तो म्हणाला. चाळिशी उलटलेली, गुडघ्यावर फाडून घेतलेली जीन्स, टक्कल झाकायला कपाळावर ओढलेले केस. घरात मात्र अजून छोटूच.

ताई कीबोर्डच्या वायरी गुंडाळत होती. तिन्ही बँडांत कीबोर्ड तिचाच. "बरं. आणि शब्द कोण सांगणार? प्रभूच का?"

छोटूने कपाळावरचे केस आणखी पुढे ओढले. दुखण्यावर बोट ठेवलं होतं ना! गळा खणखणीत, चाल तर बसल्या बसल्या सुचायची, ते ताईही नाकारत नसे. पण शब्द? दोन ओळी सलग लक्षात राहतील तर शपथ. समोर पडद्यावर शब्द लावावेत, तर मग डोळे मिटून कसं गाणार? छोटूची निम्मी भक्ती त्या मिटलेल्या डोळ्यांत होती. म्हणून त्याच्या कानात इयरफोनचं एक बोंडूक आणि ताईच्या कीबोर्डपाशी एक छोटा माइक. त्या माइकमधलं फक्त छोटूच्या कानात जायचं. ओळ यायच्या आधी ताई तिचे पहिले शब्द पुटपुटायची, की हा गायला मोकळा.

सवय इतकी अंगात मुरलेली, की कानात जे पडेल ते तोंडातून बाहेर. एकदा माइक चालू असताना ताई ड्रमवाल्यावर, म्हणजे सगळे ज्याला ठोक्या म्हणत त्याच्यावर, खेकसली, "अरे, जरा दम धर!" छोटूने डोळे मिटून, हात आभाळाकडे करून गायलं, "अरे, जरा दम धर!" लोक ढसाढसा रडले. एका बाईने नंतर विचारलं, हे वचन कुठल्या अध्यायातलं? त्या दिवसापासून ताईचा छोटूच्या चाहत्यांवरचा विश्वास उडाला. देवावरचा तेवढा टिकला.

तर आता सोलो. म्हणजे काय, तर पुढे छोटू एकटा आणि मागे पडद्याआड ताई. ठोक्याला फोनवर 'देव तुझं भलं करो' एवढं कळवून रवाना केलं आणि त्याचे ठोके कॉम्प्युटरमध्ये भरून घेतले.

"एकटा गाणार, तर मी कशाला?" ताईने विचारलं.

"अगं, दिसायला एकटा."

ती नाहीच म्हणणार होती. पण पप्पांनी काठीवर हनुवटी टेकून नेहमीचं वाक्य टाकलं, "सांभाळून घे गं त्याला." झालं! जन्मभर तिच्या वाट्याला हेच एक वाक्य.

मग एक मॅनेजर उगवला. खोलीत यायच्या आधी त्याचं अत्तर यायचं. त्याने सगळी गाणी ऐकली आणि मान हलवली. "सोलोत 'आम्ही' कसं चालेल? लोकांना वाटेल, बँड अजून आहे." मग काय, छोटूने झाडून सगळ्या 'आम्हीं'चे 'मी' केले. 'तारलंस आम्हाला' होतं, तिथे 'तारलंस मला' आलं. ताईला हसू फुटलं. बाकीचे बुडाले तरी चालतील, असंच ना!

पण 'उशाशी' या गाण्याला हात लागला तेव्हा तिचं हसू आटलं.

आई हॉस्पिटलात शेवटची पडून होती, तेव्हा ताई आणि पप्पा तिच्या उशाशी होते. छोटू परगावी स्टेजवर. "प्रभूचं काम अर्धवट टाकून कसा येऊ?" असं फोनवर म्हणाला आणि पोचला तो थेट दफनाला, पाठीवर गिटार अडकवून. पुढे ताईने ते शब्द लिहिले, 'आम्ही जागलो आईच्या उशाशी, तू जागलास, प्रभू, दाराशी.' छोटूने चाल लावली. चाल अशी, की ऐकून पप्पा पहिल्यांदा मोकळेपणी रडले. म्हणून तर तिने तो 'आम्ही' त्यालाही गाऊ दिला. त्या एका शब्दातून तिने त्याला आईच्या खोलीत घेतलं होतं.

"मी जागलो?" आता ती म्हणाली. "कुठे रे?"

"ताई, भावना बघ ना. गाण्यात सगळं खरं थोडंच असतं?"

"तू साक्ष म्हणून सांगणार आहेस. देवासमोर. आणि पप्पा पुढे बसलेले असणार."

"लोकांना धीर मिळतो गं. शिवाय गाणार मी. तुझ्या तोंडून काय जातंय?"

"माझ्याच तोंडून जातंय, गाढवा! आधी मी म्हणणार, मग तू."

पण इतका बारीक विचार छोटूने कधी केला होता?

कार्यक्रमाला हॉल गच्च भरला. काळ्या पडद्यामागे ताईला एक डुगडुगती प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली. फटीतून पहिल्या रांगेतले पप्पा दिसत होते, इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसलेले.

"आई गेली तेव्हा," छोटूने आवाज भरून आणला, "तिचा हात माझ्या हातात होता."

पप्पांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. आपल्या बुटांकडे बघत बसले. हॉलमध्ये हुंदके सुरू झाले. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. निर्लज्ज कुठला! मेल्या आईचा हातसुद्धा सोडला नाही याने!

कॉम्प्युटरचे ठोके सुरू झाले. पहिलं कडवं तिने नीट सांगितलं. मग ती ओळ आली. छोटूचे डोळे मिटलेले, हात वर, कान तिच्याकडे. 'मी' म्हणायला तिची जीभ उचलेना. 'आम्ही' म्हणता आलं असतं. पण तो शब्द तर त्यानेच फेकून दिला होता. आता काय म्हणून द्यायचा पुन्हा?

"ताई जागली," ती माइकमध्ये म्हणाली.

"ताई जागली आईच्या उशाशी," छोटूने गायलं. काय गायलं! जन्मात इतकं सुरेल लागलं नव्हतं.

शेवटचा सूर सोडता सोडता त्याने डोळे उघडले. चेहरा पांढराफटक. ठोके पुढे पळत होते, कॉम्प्युटर कोणासाठी थांबतो? छोटू तोंड उघडं टाकून वाट बघत राहिला.

"ताई," तो कुजबुजला, "पुढे?"

ते अख्ख्या हॉलने ऐकलं. ताईने माइकचं बटण बंद केलं. घे, सोलो!

छोटू मग नुसतं ला-ला करत सुटला. लोक तरीही रडत होते. त्यांना ला-लाही पुरायचं.

पडदा हलला. ताईला वाटलं, मॅनेजर आला भांडायला. पण काठी टेकत पप्पा आत आले होते. ती उठून उभी राहिली, मान ताठ. आज पहिल्यांदा ते तिची बाजू घेणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती.

पप्पा खुर्चीवर टेकले. बराच वेळ धाप लागलेली होती.

"मीपण होतो ना गं तिथे," ते म्हणाले.