दाराजवळची खुर्ची

दांडगीच्या मुठी बघितल्या की माणसं आपोआप मागे सरकत. तिचं खरं नाव कुणाच्या तोंडी कधी बसलंच नाही. शाळेत तिने वर्गमैत्रिणीचे दात पाडले, वसतिगृहात रखवालदाराचं मनगट मोडलं, आणि बापाने शेवटचा हात उगारला तेव्हा त्याला असा काही आपटला की पुन्हा त्याने तिच्या वाटेला जायची हिंमत केली नाही. असल्या मुलीला नोकरी कोण देणार? दिली ती ज्या संस्थेच्या दारात ती रक्तबंबाळ येऊन पडली होती त्याच संस्थेने. घरी मार खाणाऱ्या पोरांना त्यांच्याच वयाचं, त्याच वाटेने आलेलं कुणीतरी बरोबर असावं म्हणून संस्था असे 'सोबती' नेमायची. सोबतीने पोलिसांकडे, दवाखान्यात, शाळेत बरोबर जायचं, शेजारी बसायचं, पोराची बाजू धरून राहायचं. त्याच्या वतीने बोलायचं मात्र नाही. ते त्याचं त्यानेच बोलायचं.

संस्थेच्या मोठ्या बाईंनी कामावर घेतानाच बजावलं होतं. "दाराजवळची खुर्ची पोराची. तू आत, टेबलाच्या पलीकडे. कोंडून मार खाल्लेल्याला दार मोकळं दिसलं पाहिजे. आणि हात उगारलास, कारण काहीही असो, तर त्याच दिवशी घरी जायचं." खुर्चीचं दांडगीला लगेच पटलं. हाताचं तिने मुकाट्याने गिळलं.

सध्या तिच्याकडे एक मुलगी होती. तिला सगळे 'चालेल' म्हणत. पाणी देऊ? चालेल. खिडकी लावू? चालेल. मग राहू दे उघडी? चालेल. आईबाप गेल्यावर तिला भावाने वाढवलं होतं आणि हे तो आपल्या गॅरेजवर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. वाढवताना पट्टा, पाना, रबरी नळी, जे हाताला लागेल ते वापरलं, एवढं सांगायचं तेवढं राहून जायचं. चालेलला डाव्या कानाने आता ऐकू येत नव्हतं. पाठ तर बघवत नव्हती.

आज बालकल्याण खात्याच्या अधिकारीबाई येणार होत्या. त्या चालेलला एकच विचारणार होत्या, भावाकडे परत जायचं का? तिने सवयीने "चालेल" म्हटलं की संपलं, संध्याकाळी ती गॅरेजमागच्या खोलीत आणि खोलीला बाहेरून कडी. नाही म्हणाली तर मुलींच्या वसतिगृहात जागा होती. बाकी कुणाचं बोलणं त्या धरणार नव्हत्या.

म्हणून सकाळपासून दांडगी तिला 'नको' म्हणायला शिकवत बसली होती.

"हे बिस्किट घे."

"चालेल."

"अगं बये, बुरशी आलीय त्याला! नको म्हण."

चालेलने बुरशी बघितली, बिस्किट घेतलं आणि तोंड उघडलं. दांडगीने झडप घालून ते हिसकावलं. त्यासरशी चालेलने दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

"मारत नाहीये गं मी तुला."

"माहितेय ताई," हातांच्या आडून आवाज आला. "दादापण आधी तसंच म्हणतो."

दांडगीला ते झोंबलं. पण ती हसली. "बरं, आधी मला नको म्हण. माझ्यासारख्या राक्षसिणीला म्हणता आलं, की पुढे तू कुणालाही म्हणशील."

चालेलच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. हसू म्हणायला हरकत नव्हती.

नेमकं तेव्हाच दार धाडकन उघडलं. चालेल नियमाप्रमाणे दाराला खेटून बसली होती आणि दार तिच्या डाव्या हाताला होतं, बहिऱ्या कानाच्या बाजूला. जिन्यातले पाय तिला ऐकूच आले नाहीत. खुर्चीची बाजू बदलून द्यावी हे दांडगीसारख्या बारा गावचं पाणी प्यायलेलीला सुचलं नव्हतं. भावाने बहिणीचे केस मुठीत धरून तिला खुर्चीवरून खेचली आणि जमिनीवर पडायच्या आतच तिच्या बरगडीत लाथ घातली. ती ओरडली नाही. ओरडलं की जास्त बसतं हे तिला ठाऊक होतं. दुसरी लाथ तोंडावर बसली आणि फरशीवर रक्ताची पिचकारी उडाली.

दांडगी टेबलावरून उडी मारून मध्ये शिरली. शिकवलं होतं तसंच केलं तिने. हात खाली ठेवले, अंगावर घेतलं. त्याचा ठोसा जबड्यावर बसला, कानात घंटा वाजल्या, तरी ती हलली नाही. "तिला सोड," एवढंच म्हणाली. गलबला ऐकून मोठ्या बाई धावत आल्या. माणसं बघून त्याने केस सोडले, तळवे दाखवत मागे सरला आणि म्हणाला, "चुकलं बाई. डोकं फिरतं माझं."

इथे सगळं थांबलं असतं. चालेल टेबलाखाली सरकली होती, मोठ्या बाई त्याच्यापुढे उभ्या होत्या, अधिकारीबाई येतच होत्या. पण जाता जाता तो टेबलाखाली वाकला आणि अगदी लाडाने म्हणाला, "घरी ये, मग बघतो."

दांडगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्या ठोशाने त्याचं नाक फुटलं. तो गुडघ्यांवर आला तशी तिने गुडघ्यानेच त्याची हनुवटी उडवली. तो आडवा झाला, हात जोडायला लागला, तरी ती थांबेना. चालेलची खुर्ची उचलून तिने त्याच्या पाठीवर घातली, मोडेपर्यंत घातली, आणि मग तुटलेला पाय हातात घेऊन मारत राहिली. मोठ्या बाई दंड धरून ओढत होत्या, त्यांनाही तिने झटकून भिंतीवर फेकलं. खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटत होतं. किती दिवसांनी इतकं बरं वाटत होतं.

"नको मारू, नको मारू," तो म्हणत होता. त्या खोलीत ते शिकायला त्याला अजिबात वेळ लागला नाही.

हात दुखायला लागले तेव्हा ती थांबली आणि तो पळू नये म्हणून दारात पाय रोवून उभी राहिली. अधिकारीबाई तिच्याच बगलेतून आत आल्या. तोंडावर रुमाल धरून त्यांनी सगळं बघितलं.

"बघा," भाऊ रडत, दात थुंकत म्हणाला. "बघा कुणाच्या हवाली करताय माझ्या बहिणीला!"

आता दांडगीला भान आलं. नोकरी गेली, ते सोडा. या माणसाला तिने आपल्याच हाताने बिचारा करून ठेवलं होतं. अधिकारीबाईंनी पोर त्याच्या गळ्यात घातली तर दोष कुणाला देणार होती ती?

अधिकारीबाई टेबलाशी वाकल्या. "बाळ, बाहेर ये. भावाकडे परत जायचंय का तुला?"

चालेल बाहेर आली. ओठ सुजून लोंबत होता. तिने भावाकडे बघितलं, मोडक्या खुर्चीकडे बघितलं. दांडगीला बोलायची मनाई होती, म्हणून तिने नुसता हात पुढे केला, सकाळपासून बिस्किट देताना कितीदा केला होता तसाच. बोटांवरून रक्त ठिबकत होतं.

या वेळी चालेलने डोकं झाकलं नाही.

"नको," ती म्हणाली. आवाज फाटका होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "दादा नको."

दांडगीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. जमलं! तिने हात आणखी पुढे नेला.

चालेलने त्या हाताकडे बघितलं आणि भिंतीला चिकटली. "ताई, तूपण नको."

दांडगीने हात मागे घेतला आणि दार अडवून आपणच उभ्या आहोत हे ध्यानात आल्यावर ती बाजूला झाली.