मागं राहिलेली बयाबाई

बयाबाई लग्न होऊन वाडीत आली तेव्हापासून दर साली दिवाळी सरली की मेंढरांमागं चालत आली होती. आटपाडीच्या माळावर पाऊस असा तो केवढा. गवत संपलं की धनगरांचे कळप इस्लामपूरच्या बाजूला, कृष्णाकाठी उतरत. तिकडचे बागायतदार खतासाठी रानात मेंढरं बसवून घेत, बदल्यात धान्य देत. पावसाच्या तोंडावर सगळे माघारी येत. पोरंही सोबतच जात. त्यामुळं दिवाळीपर्यंत गजबजलेली वाडीची शाळा नंतर ओस पडे.

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली तेव्हा सरकारनं या शाळेला जादा अनुदान दिलं. आईबाप बाहेर जातात त्या पोरांना गावातच ठेवून घ्यायचं, त्यांच्या खाण्यापिण्याचा आणि पुस्तकांचा खर्च सरकार करणार. शिर्के गुरुजी मूळचे मेढ्याकडचे, डोंगरातले. त्यांनी चावडीशेजारची पत्र्याची खोली मिळवली, धान्य भरलं आणि मग बयाबाईच्या दारात येऊन बसले.

"तुम्ही स्वयंपाकाला राहिलात तर लोक पोरं ठेवतील," ते म्हणाले. "परक्या बाईच्या हाती कोण देणार?"

"आवं गुरुजी, मी कवा एका जागी बसल्याली न्हाई. मला जमायचं न्हाई."

"रंगू पण तुमच्यापाशी राहील. चौथीत आहे, डोकं चांगलं आहे तिचं."

रंगू म्हणजे बयाबाईची नात. तिचा बाप बिराप्पा भिंतीला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "आये, तुझ्या गुडघ्यानं औंदा चालवतंय व्हय? ऱ्हा तू. पोरीचं बी बरं हुईल."

रंगूला कुणी विचारलं नाही. बयाबाई राहिली ती गुडघ्यांमुळं नाही, नातीमुळं.

कळप गेला त्या दिवशी पोरं वेशीपर्यंत पळत गेली आणि रडत परतली. बयाबाईनं हुलग्याचं माडगं शिजवलं, एकेकाला पुढ्यात बसवून पाजलं. पत्र्याखाली तिला गुदमरल्यासारखं व्हायचं, म्हणून पहिले काही दिवस तिनं चूल बाहेरच मांडली. हळूहळू पोरं रुळली. कुणाच्या केसांत उवा, कुणाच्या पायात काटा, ती सगळं बघत होती. रंगू मात्र जेवताना बोलायची नाही. शाळेत गेली तरी खिडकीतून माळाकडं बघत बसायची.

संक्रांतीनंतर एके दिवशी ती शाळेतून परत आलीच नाही. विहिरी बघून झाल्या, ओढा बघून झाला. मग कुणीतरी सांगितलं की मागं राहिलेल्या एका धनगराची गाडी सकाळी कृष्णेकडं गेली, तिच्यात एक पोरगी होती. गुरुजींनी पोरं शेजारच्या मनुबाईकडं सोपवली आणि बयाबाईला घेऊन एस.टी.नं निघाले. विट्याला गाडी बदलून, चौकशा करत दुसऱ्या दिवशी इस्लामपूरच्या पुढं एका रानात त्यांना तळ सापडला. रंगू तिथंच होती. नुकतंच जन्मलेलं कोकरू तिनं काखेत धरलं होतं.

बयाबाई तिच्याशेजारी जाऊन बसली. मग म्हणाली, "सांगून का न्हाई आलीस गं?"

"सांगितलं आस्तं तर तू येऊ दिलं नस्तंस," रंगू म्हणाली. "आज्जे, मला हितंच बरं वाटतंय."

गुरुजींनी तिला दोनदा समजावलं. तिनं मान खाली घातली आणि कोकरू आणखी घट्ट धरलं. बिराप्पा म्हणाला, "मारून मुटकून न्हेलं तर पुन्यांदा पळंल. ऱ्हाऊ द्या." मग थोड्या वेळानं आईकडं वळून म्हणाला, "आता तू तरी कशाला जातीस? तिच्यापायी ऱ्हायली हुतीस ना? ऱ्हा हितंच."

बयाबाईनं आजूबाजूला बघितलं. सूनबाई हरणाबाई भाकऱ्या थापत होती. मेंढरं वाघरीच्या जाळ्यात येत होती, त्यांच्या लोकरीचा तो ओळखीचा वास येत होता. तिचं सगळं आयुष्य त्या जाळ्याच्या आसपास गेलं होतं. तिला राहायचं होतं; एवढं राहावंसं तिला कधीच वाटलं नव्हतं.

"मनुबाईला भाकरी जाड थापायची सवय हाय," ती म्हणाली. "बारकी पोरं खायाची न्हाईत."

बिराप्पाला वाटलं ती दुसरंच काही बोलतेय. पण सकाळी ती गुरुजींच्या मागं चालत रस्त्यावर आली. रंगू रस्त्यापर्यंत पोचवायला आली. बयाबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि गाडीत चढली.

विट्याला त्यांनी गाडी बदलली. मग गुरुजी अवघडून म्हणाले, "पटावर पोरं कमी झाली की वरचे लोक विचारतात. रंगूचं नाव राहू देऊ का?"

"नगं. तिच्या जागी अर्जुनाला घ्या. रामोश्याचं पोरगं. त्याचं आईबाप ऊसतोडीला गेल्यात, ते चुलत्याच्या दारात बसून आसतंय."

गुरुजी म्हणाले, "सरकारी कागदात मेंढपाळांची मुलं असं लिहिलंय."

"मग तुमी लिव्हा सरकारला. उपाशी पोरगं उपाशीच आसतंय."

गुरुजींनी लिहिलं. उत्तर यायला उन्हाळा लागला. अर्जुना तोवर रोज पंगतीत जेवत होता.

परीक्षा झाल्या. बहुतेक पोरं पास झाली, दोन नापास झाली. रोहिणी लागली तसा कळप परत आला. रंगू उंच झाली होती, उन्हानं काळवंडली होती. ती आजीजवळ चुलीपाशी येऊन बसली आणि पोरं मोठ्यानं वाचत होती ते ऐकत राहिली. बयाबाईनं तिला शाळेचं काही विचारलं नाही. रंगूनंही काही सांगितलं नाही. फक्त एकदा वाचणाऱ्या पोरीची चूक दुरुस्त केली.

पुढच्या दिवाळीला अनुदान निम्म्यावर आलं. गुरुजी सांगायला आले तेव्हा बयाबाई खोलीतली जमीन सारवत होती. बाहेर बिराप्पा कळप हाकायच्या तयारीत होता, आणि रंगू त्याच्यासोबत निघाली होती.

"हुलगं लागतील," बयाबाई गुरुजींना म्हणाली. "औंदा गहू नगा आणू, महाग पडतोय." आणि पुन्हा सारवू लागली.