अर्जातली जानकी

अनुदान देणाऱ्या फाउंडेशनच्या अर्जात एका लाभार्थी मुलाची गोष्ट शंभर शब्दांत मागितली होती. आल्हादने ती आपल्या संस्थेच्या नाशिकच्या कार्यालयात बसून मनानेच रचली. पेठच्या अभ्यासकेंद्रातली जानकी. आई नसलेली, डाव्या भुवईवर व्रण असलेली, रोज दोन डोंगर ओलांडून येणारी. लिहिताना त्याला उगाच हुरहुर लागली होती. महिन्याभराने फाउंडेशनच्या बाईंनी कळवलं, "मंजुरीआधी जानकीला भेटायला येते."

खोटं उघडं पडलं, तर अनुदान जाऊन केंद्रच बंद होणार होतं. तरीही सगळं कबूल करायचं ठरवून आल्हाद भेटीच्या दिवशी सकाळी पेठला पोहोचला. केंद्राच्या शिक्षिका शैलाताई दारातच हसल्या.

"आलात, साहेब? जानकी केव्हाची ताटकळलीय."

"कोण जानकी?"

"वा! अर्ज तुम्हीच लिहिलात ना?"

खिडकीपाशी एक मुलगी बसली होती. तिच्या डाव्या भुवईवर व्रण होता आणि पावलांवर डोंगरवाटेची लाल धूळ. बाहेर फाउंडेशनच्या बाईंची गाडी थांबली. ओठांशी आलेली कबुली आल्हादने गिळली.

मुलीने हळूच त्याची बाही धरली.

"सर, बाई आईचं नाव विचारतील. मला आठवत नाय. तुम्ही ते लिहिलंच नव्हतं."