मालक ओट्यावरूनच परतले

धुळ्याच्या देवपुरात, एका अरुंद गल्लीच्या टोकाला, दोन खोल्या आणि पुढे लहानसे अंगण असलेले मी एक जुने घर आहे. मित्रांनो, बहुतेक घरांत मालक आणि राहणारे एकच असतात. माझे तसे नव्हते. माझे मालक परराज्यात, सुरतेला राहत. मला त्यांनी बांधले ते भाड्याने देण्यासाठी. त्यांचे नाव भटूभाऊ.

भटूभाऊ मूळचे साक्रीकडच्या एका खेड्याचे. पावसावरच्या शेतीत मजुरी करून भागेना, म्हणून लग्नानंतर ते भागाबाईंना घेऊन सुरतेला गेले. तिथे ते कापडाच्या मागावर बारा-बारा तास उभे राहत. भागाबाई साड्यांना टिकल्या लावत. पत्र्याच्या एका खोलीत त्यांनी तेरा वर्षे काढली आणि जे उरले त्यातून १९८४ साली देवपुरात जमिनीचा हा तुकडा घेतला.

मला नथ्थू मिस्त्रींनी बांधले. भटूभाऊंनी पंधरा दिवसांची रजा काढली होती. भागाबाईंनी स्वतः डोक्यावरून विटा वाहिल्या. दारासमोरच्या भिंतीत भटूभाऊंनी एक कोनाडा करून घेतला आणि त्यात बुद्धांची छोटी मूर्ती ठेवली. काम पुरे झाले तेव्हा ते माझ्या ओलसर भिंतीवर तळहात ठेवून उभे राहिले आणि भागाबाईंना म्हणाले, "आपन सुरतमा कमाडसूत, हाई आठे कमाडी. हात थकनात म्हंजे हाई घर आपले पोसी."

मला फार अभिमान वाटला. घराने माणसाला ऊन-वाऱ्यापासून सांभाळावे, एवढेच मला ठाऊक होते. मी तर बसल्या जागी कमावणार होते, दोन माणसांचे म्हातारपण पोसणार होते.

रजा संपल्यावर ते दोघे गेले आणि पुढच्याच महिन्यात माझ्यात भाडेकरू आले. त्यांचे नाव लीलाधर. ते एसटीत कंडक्टर होते आणि त्यांची ड्यूटी बहुतेक धुळे-सुरत गाडीवर असे. त्यांच्या पत्नी मंदाबाई. दोघांनी मला जीव लावला. मंदाबाई दर शनिवारी फरशी घासत. पावसाळ्यापूर्वी लीलाधर स्वतः वर चढून पत्रे तपासत. भाडे पाठवायला मनीऑर्डर कधी करावीच लागली नाही. महिन्यातून एकदा लीलाधर गाडी घेऊन सुरतेला गेले की भटूभाऊ स्टँडवर येत आणि लीलाधर पाकीट त्यांच्या हातात देत. मंदाबाई सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि ठेचा बांधून देत. सुरतेत त्या चवीला भागाबाई आसुसलेल्या असत.

परत आल्यावर लीलाधर जेवता जेवता सगळे सांगत. भटूभाऊ पाकीट न बघताच खिशात घालतात आणि आधी माझी चौकशी करतात, मागची भिंत अजून ओल धरते का, अंगणात चिखल होतो का, असे विचारतात, हे मला त्यांच्याच तोंडून कळे.

सहा वर्षांनी मागे दुसरी खोली उठली. ती भटूभाऊंनी स्वतःसाठी बांधली होती. पण लीलाधरांची आई आजारी होऊन त्यांच्याकडे आली, जागा पुरेना, आणि भटूभाऊंनी तीही खोली त्यांना दिली. अजून एक वर्ष काम करतो, असा त्यांचा निरोप आला. पुढच्या वर्षीही तोच निरोप आला, त्याच्या पुढच्याही. दरम्यान लीलाधरांची आई वारली, तरी खोली रिकामी करा असे भटूभाऊंनी कधी म्हटले नाही. बांधल्यापासून मी त्यांना चारच वेळा पाहिले. चारही वेळा ते पाहुण्यासारखे बसले, चहा घेतला आणि मावळतीच्या गाडीने गेले.

१९९४च्या ऑगस्टअखेरीस मंदाबाईंना मुलगी झाली. लग्नाला दहा वर्षे झाली होती. दवाखाने झाले, नवस झाले, आणि आता कुठे पाळणा हलला होता. सुरतेहून भागाबाईंनी मऊ कापडाची चार झबली शिवून पाठवली. बाळाच्या अंगावर रोज त्यांतलेच एक असे.

सप्टेंबरात गणपती विसर्जन होऊन चार-पाच दिवस झाले असतील. रेडिओवर बातमी आली की सुरतेत प्लेगची साथ आली आहे. दुसऱ्या दिवसापासून माणसे नाकातोंडाला रुमाल बांधून ट्रकने, गाड्यांनी, मिळेल त्या वाहनाने खानदेशात उतरू लागली. लीलाधर नुकतेच सुरतेहून आले होते. गल्लीने त्यांच्याकडेही संशयाने पाहिले. त्यांनी अंगणात अंघोळ केली, कपडे उकळले आणि रजा टाकली. रोज दहा वेळा ते बाळाच्या कपाळाला हात लावून बघत. गल्लीतले वयस्कर जीवरामआबा दारात येऊन बजावून गेले की सुरतेचे कोणी इथे आले तर त्यालाही ठेवायचे नाही आणि ठेवणाऱ्यालाही नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, भटूभाऊ आणि भागाबाई माझ्या दारात आले.

त्यांच्या हातात एक पत्र्याची पेटी आणि एक गाठोडे होते. भटूभाऊ खूप वाळले होते. मागावरच्या धुळीने त्यांना जुना खोकला जडला होता, आणि माझी कडी वाजवताना त्यांना तो आवरेना. तो खोकला ऐकून गल्लीतली दारे एकामागून एक लागली.

लीलाधर खिडकीशी आले. त्यांनी दार उघडले नाही. ते म्हणाले, "भटूभाऊ, चार दिवस दुसरीकडं थांबा. पोरगी महिन्याची पण नाही झाली."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले की माझी कडी आपोआप गळून पडावी. दोन्ही खोल्या ज्यांच्या घामाच्या होत्या ते बाहेर उन्हात उभे होते. भटूभाऊंनी ठरवले असते तर ते भांडू शकले असते. कागद त्यांच्या पेटीतच होते. ते फक्त ओट्यावर टेकले, खोकला थांबेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "बरोबर शे. तुमना घरमा धाकलं लेकरू शे. दार नका उघाडू."

स्वतःच्याच घराला ते 'तुमना घरमा', तुमच्या घरात, असे म्हणाले. माझ्या भिंतींना ते शब्द कुदळीसारखे लागले.

भागाबाईंनी पाणी मागितले. मंदाबाईंनी रडत रडत खिडकीतून तांब्या दिला. दोघे पाणी प्यायले. भागाबाईंनी तांब्या विसळून, पदराने पुसून ओट्यावर ठेवला. आत बाळ रडले तेव्हा त्यांनी मान वर केली, पण बघायला दाखवा असे म्हटले नाही. मग दोघे उठले. पेटी उचलताना भटूभाऊंनी दुसऱ्या हाताने माझ्या भिंतीचा आधार घेतला. त्यांचा हात तापला होता.

ते गल्लीच्या वळणाआड गेल्यावर लीलाधरांनी काठीने तो तांब्या नाल्यात ढकलला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढे काय झाले ते मला महिनाभराने कळले. साथ ओसरली, लीलाधर कामावर गेले, आणि सुरत स्टँडवर कोणी भेटायला आले नाही. परतताना साक्रीला भागाबाई त्यांच्याच गाडीत चढल्या. कपाळ मोकळे होते. लीलाधर तिकिटाचे पैसे घेईनात, तेव्हा त्यांनी ते त्यांच्या पिशवीवर ठेवले आणि देवपूरचे तिकीट मागितले.

अशा रीतीने भागाबाई माझ्या आत आल्या. त्यांनी सांगितले की गावानेही त्यांना आत घेतले नव्हते. शेतातल्या एका पडक्या खोपटात ते राहिले. ताप चढत गेला. प्लेगच्या धास्तीने कोणी जवळ येईना, गाडी कोणी देईना. चौथ्या दिवशी सरकारी डॉक्टर आले. त्यांनी छाती तपासली आणि सांगितले की हा प्लेग नाही, न्यूमोनिया आहे, पहिल्या दिवशी औषध मिळाले असते तर माणूस वाचला असता, आता उशीर झाला. सहाव्या दिवशी भटूभाऊ गेले. खांदा द्यायला तिघेच आले. चौथा खांदा भागाबाईंनी दिला.

लीलाधर त्यांच्या पायांशी बसले. ते म्हणाले की दिवाळीच्या आत घर रिकामे करतो, मला इथे राहायचा हक्क नाही. भागाबाईंनी कोनाड्यातल्या मूर्तीला हात जोडले. मग म्हणाल्या, "तुम्हीन पोरसाठे दार लावं. मी ऱ्हाती तं मी बी लावती. पन त्यास्नी राग बी धरा नही, लीलाधरभाऊ. राग धरता तं मना जीव हलका व्हता." भटूभाऊ रागावलेसुद्धा नाहीत, हेच त्यांना सलत होते.

मंदाबाईंनी बाळ त्यांच्या मांडीवर दिले. भागाबाईंनी त्याला छातीशी धरले आणि पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. जाताना त्यांनी सांगितले की घर सोडू नका, भाडे मात्र देत जा, आता माझे पोट त्यावरच आहे. आणि मला इथे राहायला बोलावू नका, असेही म्हणाल्या.

त्यानंतर वर्षानुवर्षे लीलाधर दर महिन्याला साक्रीला उतरून त्यांच्या दारात जाऊन भाडे देत आले. त्या घेत, बाळ किती मोठे झाले ते विचारत आणि आत जात. माझ्याबद्दल त्यांनी कधी काही विचारले नाही. भटूभाऊंनी ठरवल्याप्रमाणे मी कमावत राहिले आणि एका बाईला पोसत राहिले. त्या कमाईचा मला अभिमान वाटेनासा झाला.

मित्रांनो, मी लीलाधरांना वाईट म्हणणार नाही. तान्ह्या लेकरासाठी जीव घाबरतोच. आजारी माणसाला पाळण्याजवळ नेऊ नये, हेही खरे. पण दार उघडणे आणि परत पाठवणे या दोन गोष्टींच्या मध्ये पुष्कळ काही करता येते, हे त्या दुपारी कोणाला सुचले नाही. डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्यांवर होता. ओट्यावर ताट ठेवता आले असते. तुमच्या दारात कधी कोणी असा उभा राहिला तर घाईने खिडकी लावू नका, थोडा विचार करा. माझ्या अंगणात दोन खाटा मावतात. त्या दिवशीही मावल्या असत्या.