कायोकचा वाटा

उत्तर ध्रुवाकडच्या अकुलिक वस्तीत कुणी कुणाकडे मांस मागत नाही. सील मिळाला, मासे मिळाले, की मिळवणाऱ्याने आपण होऊन घरोघर वाटा पाठवायचा, आणि ज्याच्या घरी अडचण आहे त्याच्याकडे सगळ्यांच्या आधी. मागावं लागलं तर मागणाऱ्याची मान खाली जाते, पण त्याहून जास्त जाते ती ज्याच्याकडे मागावं लागलं त्याची. रेगिनेला याचं बाळकडूच मिळालं होतं. तरी तिच्या हातून जे व्हायचं ते झालंच.

रेगिने वस्तीतल्या एकुलत्या एका मासळी कारखान्यात मुकादम होती. कारखाना कसला, धक्क्याला लागून असलेली लाल पत्र्याची शेड. हिवाळ्यात खाडी गोठली की लोक बर्फाला भोकं पाडून गळांची लांबच लांब दोरी खोल पाण्यात सोडत आणि हॅलिबट नावाचा मोठा चपटा मासा वर काढत. शेडमध्ये त्याचं मुंडकं उडवायचं, कडेचे पर छाटायचे आणि धड गोठवून ठेवायचं. समुद्र मोकळा झाला की जहाज येऊन ते परदेशी नेई. मुंडकी नि पर मागच्या भिंतीतल्या घसरगुंडीवरून बाहेर टबात पडत. ती कुत्र्यांची. तसा नियम कुणी केला नव्हता, पण शेड उभी राहिल्यापासून चालत आलं होतं.

त्या टबांवर सगळ्यात जास्त भिस्त होती ती रेगिनेच्या धाकट्या भावाची, एनोकची. दोन हिवाळ्यांपूर्वी हिमदंशाने त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली. तेव्हापासून दोरी ओढणं बंद आणि बंदूक धरून सीलच्या मागे जाणंही बंद. मग तो दुसऱ्यांचे मासे बर्फावरून कारखान्यापर्यंत आपल्या कुत्र्यांच्या गाडीवर वाहून आणू लागला. पोरांकडे स्नोमोबाइल होत्या, ती त्याला म्हातारा टांगेवाला म्हणून चिडवत. पण बर्फ पातळ झाला की तीच पोरं निमूटपणे त्याच्या दारात येत. पातळ बर्फ यंत्राला कळत नाही, कायोकला कळतो. कायोक हा एनोकचा म्होरक्या कुत्रा, तांबूस रंगाचा, एक कान फाटका, आणि स्वभावाने मालकासारखाच घुम्या.

कंपनीच्या मुख्य कचेरीचं बरेच दिवस एकच पालुपद चाललं होतं, अकुलिकचा कारखाना परवडत नाही. कारखाना बंद म्हणजे बायकांचं काम बंद, मग दुकान बंद, मग शाळा. अशा वस्त्यांची रिकामी घरं खाडीच्या पलीकडे कुणीही दाखवेल. म्हणून मार्च महिन्यात शहरातला मॅनेजर एका जपानी खरेदीदाराला घेऊन आला तेव्हा रेगिनेने शेड अशी घासून काढली होती की तिथे मासा कधी आला होता की नाही, असा प्रश्न पडावा.

खरेदीदाराचं नाव शिगेता. बारीक चणीचा, अदबशीर माणूस. एनोकने त्याला गाडीवरून बर्फावर फिरवून आणलं. शिगेताने वाटेत फोटो काढले, उतरल्यावर आधी एनोकला लवून नमस्कार केला आणि मग कायोकलाही. एनोकला ते फार आवडलं. तो रेगिनेच्या कानाशी येऊन म्हणाला, "बघ, मोठ्या देशातला माणूस, पण कुणाला मान द्यायचा ते कळतं. आपला मॅनेजर अजून माझं नाव विसरतो."

मग कॉफी आणि केक झाला. शिगेता मॅनेजरशी काहीतरी बोलला, आणि मॅनेजरने विचारलं, "रेगिने, हे म्हणतायत, मुंडक्यांचं नि परांचं तुम्ही काय करता? पराच्या मुळाशी जी मांसाची पट्टी असते ना, त्यांच्याकडे भातावर ठेवून आवडीने खातात. मुंडकी कालवणाला. त्यांना सगळंच हवंय."

कुत्र्यांना घालतो म्हणावं, तर पाहुणा ज्याला पक्वान्न म्हणतो ते आपण कुत्र्यांपुढे टाकतो असं होणार. शिवाय दारात आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायचं, तेही सगळ्या बायका कोपऱ्यातून तिच्या तोंडाकडे बघत असताना.

"काही नाही," ती म्हणाली. "टाकूनच देतो."

एनोक दाराशी कप घेऊन उभा होता. त्याने वर पाहिलं आणि परत कपात पाहिलं.

करार झाला. शिगेता मुंडकी आणि पर घेणार, सगळे घेणार, पण मधूनच कमी पडले तर चालणार नाही. कारखाना वाचला. उन्हाळ्याच्या जहाजाने परांसाठी नवी टेबलं आली, आणखी बायका कामाला लागल्या. लोकांनी रेगिनेला डोक्यावर घेतलं. दुकानात तिला कुणी रांगेत उभं राहू देईना. तीही माणूसच होती, तिला बरं वाटलं.

बर्फ धरला आणि नव्या करारातला पहिला हिवाळा सुरू झाला. घसरगुंडीचं तोंड पत्रा ठोकून बंद केलं होतं. एनोक मासे घेऊन आला, उतरवून दिले, आणि सवयीने गाडी मागच्या भिंतीशी नेली. कुत्री पत्र्याकडे बघत बसली. एनोकने एक सिगरेट ओढली, मग गाडी वळवून घरी गेला. रेगिनेने हे खिडकीतून पाहिलं.

बाकीच्यांचं भागत होतं. ते मासे स्वतः पकडत, त्यातला एखादा अख्खाच कुत्र्यांसाठी मागे ठेवत. सुरुवातीला त्यांनी एनोककडेही पाठवले. पण त्या साली बर्फ वाईट होता, मासळी तुटपुंजी होती, आणि एकेकाचा हात आखडत गेला. शिवाय एनोकची सख्खी बहीण कारखान्यात मुकादम आहे, त्याची काळजी आपण काय करायची, असंही लोकांना वाटलं. दुकानात कुत्र्यांच्या खाण्याची पोती होती, पण ती परवडायची तर मॅनेजरच्या घरी जन्म घ्यायला हवा होता.

रेगिनेच्या मनात एनोक रोज येई. रक्ताचा डाग पडलेली, चिरडलेली मुंडकी करारात चालत नसत. रेगिने ती बाजूला काढी आणि दारामागच्या एका निळ्या टबात टाकी. टब भरला. पण तो एनोककडे पोचवायला तिचं पाऊल उचलेना. भावाला टब दिला तर उद्या प्रत्येक कुत्रेवाला दाराशी उभा राहील. बायकांना तिनेच बजावलं होतं, आतलं काहीही बाहेर जाणार नाही, फाटलेला परसुद्धा नाही. आता कुठल्या तोंडाने मोडायचं? एनोकने एक शब्द टाकला असता, तर तिला तेवढंच निमित्त झालं असतं. भावाने मागितलं, नाही म्हणता येईना, असं तिला चार बायकांत सांगता आलं असतं. म्हणून ती त्याच्या मागण्याची वाट बघत राहिली. आणि तो, जसं त्यांना आईने शिकवलं होतं तसं, तिच्या पाठवण्याची वाट बघत राहिला.

एका रविवारी तो तिच्याकडे कॉफीला आला. बाहेर दिवसाही काळोख होता, त्या महिन्यांत सूर्य उगवतच नाही. त्याने केकचे दोन तुकडे खाल्ले, तिसरा रुमालात बांधला.

"कुणासाठी रे?" तिने विचारलं.

"कायोकला गोड आवडतं. म्हातारपणी जीभ चाळवते."

"तुझ्यासारखी."

"माझ्यासारखी." तो हसला. "काय म्हणतात तुझे जपानी? कुत्र्यांचं जेवण पसंत पडलं का त्यांना?"

"आणखी मागतायत. कुत्री काय म्हणतात?"

"कुत्री कुठे काय बोलतात, ताई. आपल्या घराण्यावर गेलीत."

दोघंही हसली. रेगिनेच्या जिभेवर अगदी आलं होतं, की दारामागे टब आहे, जाताना घेऊन जा. पण तिने त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली आणि हवामानाचं बोलू लागली. तो टोपी घालून उठला, दारात घुटमळला, भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघत राहिला. मग गेला. आता मागेल, आता मागेल, असं तिला तो पायऱ्या उतरेपर्यंत वाटत होतं.

सूर्य परत आला त्या दिवशी मुलं टेकडीवर त्याला बघायला गेली होती. शेडमध्ये बायका पर छाटत होत्या. दफनभूमीच्या मागून बंदुकीचा आवाज आला. मग थोडं थांबून दुसरा. मग आणखी. अकुलिकमध्ये त्या बाजूने, असे थांबून थांबून आवाज आले तर त्याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. बायकांचे हात थांबले. कुणीच रेगिनेकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं तर लागलं नसतं, इतकं ते तिला लागलं.

तिने सुरी ठेवली, दारामागचा टब ढकलगाडीवर चढवला आणि सगळ्यांच्या देखत बाहेर काढला. वाटभर ती मनाशी म्हणत होती, सगळी मारली नसतील, निदान कायोक असेल.

एनोकच्या घरासमोर कुत्र्यांच्या रिकाम्या साखळ्या बर्फावर पडल्या होत्या. तो पायरीवर बसला होता. बंदूक शेजारीच, धड राहिलेल्या डाव्या हाताचा मोजा काढलेला.

"कायोक?" तिने विचारलं.

"त्याला आधी," एनोक म्हणाला. "बाकीच्यांचं त्याने बघू नये म्हणून."

तिला बसायला जागा हवी होती, ती टबाच्या काठावरच बसली. "अरे, एक शब्द बोलायचास ना मला."

"मला वाटलं, तुला अडचण असेल. उगाच तुला कशाला पेचात टाकायचं?" त्याने टबाकडे पाहिलं. "आणलंस ते बरं केलंस. ठेव तिथे. कावळ्यांना होईल."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला भांडता आलं असतं, रडता आलं असतं. ती टब तिथेच ठेवून परत आली, आणि शिफ्ट संपेपर्यंत पर छाटत राहिली.

मार्चमध्ये शिगेता पुन्हा आला. या वेळी त्याने भेट आणली होती: खोकंभर पाकिटं. अकुलिकचे पर, त्याच्या देशात धुऊन, पट्ट्या कापून, पाकिटात घालून विकायला ठेवलेले. शिगेताने एकेक पाकीट दोन्ही हातांनी सगळ्यांपुढे धरलं. पाकिटावर फोटो होता. निळा बर्फ, पंख्यासारखी पसरलेली कुत्री, मागे पाठमोरा एनोक, आणि सगळ्यात पुढे, फाटका कान वाऱ्यावर उडालेला, कायोक.

मॅनेजर खूश होता. "हे म्हणतायत, लोक हा फोटो बघूनच पाकीट उचलतात. यंदा यांना परत त्या गाडीवर बसायचंय. कुठाय तो, काय नाव त्याचं?"

एनोक दाराशीच उभा होता. आता तो कारखान्यात फरशी धुण्याचं काम करी, रेगिनेनेच लावून दिलेलं. तो पुढे आला.

"त्यांना सांगा," तो शांतपणे म्हणाला, "यंदा बर्फ चांगला नाही."

मॅनेजरने सांगितलं. शिगेताने खिडकीबाहेरच्या भक्कम, पांढऱ्याशुभ्र खाडीकडे पाहिलं, मग एनोककडे, आणि काही न विचारता मान लववली. त्याला किती कळलं कुणास ठाऊक.

एनोक टेबलापाशी थांबला. पाकिटांच्या ढिगाकडे त्याने बराच वेळ पाहिलं. मग रेगिनेकडे वळला, आणि जे त्याने जन्मात कधी कुणाकडे केलं नव्हतं ते सगळ्यांसमोर केलं.

"ताई," तो म्हणाला, "एक मला देशील?"

रेगिनेने घाईने ढिगातून पाकिटं उचलली, एक नाही, हाताला लागली तेवढी, आणि त्याच्यापुढे धरली. त्याने त्यातलं एकच घेतलं. टेबलावरची सुरी उचलली, डाव्या हाताने पाकिटाची कड जपून उघडली, आतल्या पांढऱ्या पट्ट्या बशीत ओतल्या आणि बशी तिच्याकडे सरकवली.

"हे राहू दे," तो म्हणाला. "मला नुसती पिशवी हवी होती."