शेंदूर फासलेला बिबट्या

बाजारहत्नूरपलीकडच्या त्या खेड्यात सकाळीच बांधावर जत्रा भरली होती. मधोमध मेलेला बिबट्या, मान शेंदरानं लाल, पुढ्यात लिंबू आणि शेजारी चंदनमहाराज! आदल्या दिवशीच महाराजांनी शिवाराभोवती लिंबं ठेवून, मंत्र म्हणून गाव बांधलं होतं.

"बंधन ओलांडलं अन् जागच्या जागी भस्म!" महाराज गरजले. "रक्ताचा थेंब नाही! आता वाघाचा बाप आला तरी आमच्या ताईताला वळसा घालून जाईल!"

भस्म झालेल्या त्या जनावराचा एक केसही जळलेला नव्हता, पण ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

विमलबाईंनी तर डोळे मिटून हात जोडले होते. बिबट्याच्या भीतीनं त्यांची कापूसवेचणी अडली होती. तो मेल्याची बातमी कळताच त्यांनी लेकीच्या, सपनाच्या दंडावर महाराजांचा ताईत बांधला आणि तिला एकटीला वावरात धाडलं. मग महाराजांचे पाय धुवायला तांब्या घेऊन त्या इकडे आल्या.

तेवढ्यात जनावरांच्या सरकारी डॉक्टर देवश्रीबाई मोटारसायकलवरून उतरल्या. बिबट्यापाशी बसून त्यांनी विचारलं, "हा शेंदूर कोणी फासला?"

"देवीच्या आज्ञेनं मीच. पहिलं दर्शन मलाच झालं."

"मला जरा पाणी द्या."

"विटाळ होईल!" महाराज आडवे आले.

"काऊन देवाच्या कामात हात घालून राह्यल्या बाई?" म्हातारे लक्ष्मणराव कुरकुरले.

"पान्यानं काय बिघडते?" असं म्हणून विमलबाईंनी तांब्या पुढे केला.

देवश्रीबाईंनी ओल्या कापसानं मान खसाखसा घासली. शेंदूर निघाला आणि खाली चार खोल भोकं दिसली. त्यांनी पराटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, एक काडी मोडून घेतली, बिबट्याचा जबडा उघडला आणि दोन सुळ्यांमधल्या अंतराएवढी ती तोडली. मग तीच काडी मानेवरच्या दोन भोकांमध्ये धरली. ती चांगलीच अपुरी पडली.

"याच्यापेक्षा मोठ्या तोंडानं याला मारलंय. वाघानं. आणि हे बघा." बांधापलीकडे गवत लोळवल्यासारखं आडवं झालं होतं, त्यात रानडुकराचे राठ केस आणि सुकलेलं रक्त होतं. "डुक्कर बिबट्यानं मारलं, वाघ ते हिसकावायला आला. झटापटीत बिबट्या गेला आणि वाघानं शिकार फरफटत नेली. तो अजून तिच्यापाशीच असेल. तिकडे कोणाचं वावर आहे?"

"माहं," विमलबाई म्हणाल्या. "सपना हाय तिथं."

"महाराज, चला पुढं!" लक्ष्मणरावांनी हात धरला. "तुमाले तर वळसा घालंन ना तो?"

"बंधनाबाहेर पाऊल टाकायची मला आज्ञा नाही," महाराज मागे सरकत पुटपुटले.

देवश्रीबाईंनी वनखात्याला फोन लावला. पण तिकडून माणसं येईपर्यंत थांबायचं कोणी? गर्दीतल्या गोपाळनं आपला ट्रॅक्टर काढला. थाळ्या, डबे, जे हाती लागेल ते बडवत माणसं वर चढली. "नाल्याची बाजू मोकळी ठेवा, त्याला जायला वाट पाहिजे," देवश्रीबाई ओरडून सांगत होत्या.

वावरात सपना वाकून वेचत होती, नाल्याकडे पाठ करून. तिच्यामागे थोड्याच अंतरावर पराटी हलली. विमलबाई ट्रॅक्टरवरूनच ओरडल्या,

"सपना! वाकू नोको! उभी राह्य, पळू नोको!"

पोरगी ताठ झाली. मागून घुरघुर ऐकू आली. ट्रॅक्टर पराटी तुडवत मध्ये घुसला, थाळ्यांचा एकच गदारोळ झाला. पिवळी, पट्ट्यांची भली मोठी पाठ वर आली, क्षणभर थांबली आणि डुकराला तोंडात धरून नाल्यात उतरली.

लेकीला कवटाळून विमलबाई बांधावर परतल्या. महाराज झोळी आवरत होते. लेकीच्या दंडावरच्या ताईताची गाठ सुटेना, तेव्हा विमलबाईंनी ती दातांनी तोडली.

"शेंदूर फासतानी भोकं तुमच्या बोटाला लागली असतीन ना?"

"माय, देवीची लीला..."

"देवीले नाई, तुमाले इचारून राह्यले. वाघ हाय हे तुमाले ठावं होतं. तरी माही पोरगी जाऊ देली?"

महाराजांनी झोळी काखेला मारली. चमत्कार एवढाच होता: एका माणसानं भोकं पाहिली आणि ती बुजवली. बाकी सगळ्यांनी शेंदूर पाहिला आणि हात जोडले. वाघाला ताईत कळत नाही, त्याला वाकलेली पाठ तेवढी दिसते. म्हणून बाबांनो, पुढच्या वेळी असा चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी तांब्याभर पाणी मागा. आणि पाण्याला जो आडवा येईल, त्याच्या भरवशावर आपलं लेकरू रानात धाडू नका.